धाब्यापासून स्लॅबपर्यंत : आपल्या घरांतील वीज-इंधनाचा इतिहास



आपल्या संस्थेला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण झाली. स्मरणिकेसाठी लेख मागायला मुलं घरी आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही संस्थेचे पहिले कोषाध्यक्ष. तुम्ही जुना हिशेब लिहा." जुना हिशेब म्हटला की मला माझी विजेच्या बिलांची फाईल आठवते. बँकेत सदतीस वर्षे काढल्यामुळे कागद फेकायची सवय नाही. १९७८ साली परतवाड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटले, तेव्हापासूनची बिले ओळीने लावून ठेवली आहेत. आमच्या घरी दर दिवाळीला ती फाईल रद्दीत देण्याचा ठराव मांडला जातो आणि दर दिवाळीला तो नामंजूर होतो.

या निमित्ताने ती फाईल पहिल्या पानापासून वाचली. १९७८ च्या मे महिन्याचे बिल ३४ युनिटांचे. नव्या घरात आल्यावर २००१ च्या मे महिन्याचे १८६ युनिटांचे. २०१५ च्या मे महिन्याचे ४३८. या काळात घरातली माणसं वाढली नाहीत, उलट कमी झाली. मुली सासरी गेल्या, आई गेली. तरी युनिट वाढत गेले. हे कसे झाले, हे समजून घ्यायचे तर बिलांच्याही आधीपासून सुरुवात करावी लागते. आणि या इतिहासात माझ्या हातून झालेली एक चूकही आहे. पंचवीस वर्षांनी का होईना, ती सर्व सभासदांपुढे सांगून टाकायची आहे.

चूल, बंब आणि भुशाची शेगडी

माझे बालपण अचलपूरला गेले. १९५० च्या दशकात आमच्या घरी विजेचा दिवाही नव्हता. सगळे घर चालायचे ते शेतातल्या आणि जंगलातल्या इंधनावर. कापसाचा शेवटचा वेचा झाला की शेतातली पऱ्हाटी उपटून बैलगाडीने घरी यायची. मागच्या अंगणात पऱ्हाटी आणि तुराटीचा ढीग रचला की वर्षाची बेगमी झाली असे समजायचे. त्याला जोड गोवऱ्यांची. मेळघाटाच्या पायथ्याचे गाव असल्यामुळे डोक्यावर मोळ्या घेऊन येणाऱ्या बाया बाजारात असायच्याच. आंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापायचे.

परतवाडा तर लाकडाचेच गाव. वनखात्याचे डेपो, सागाचे थप्पे, आरामशिनी. आरामशिनीवरचा भुसा स्वस्तात मिळायचा आणि त्यावर चालणारी शेगडी कितीतरी घरांत असायची. आजच्या मुलांना माहीत नसेल म्हणून सांगतो. पत्र्याच्या डब्याला खाली एक भोक. डब्यात मधोमध लाकडी दांडा उभा धरून भोवती भुसा चांगला ठासायचा, मग दांडा अलगद काढून घ्यायचा. खालून पेटवले की मधल्या पोकळीतून जाळ वर येतो आणि एकदा भरलेला डबा दोन वेळचा स्वयंपाक काढतो. टाकाऊ वस्तूतून ऊर्जा म्हणतात ती आपल्या बायांनी अशी कधीच करून दाखवली होती.

पण जुने ते सगळे सोने, असे मी म्हणणार नाही. साध्या चुलीत जे जळते त्यातली जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्याला मिळते. बाकीची स्वयंपाकघरात पसरते आणि धुराबरोबर बाहेर जाते. तो धूर माझ्या आईच्या डोळ्यांत आणि छातीत गेला. तिचे डोळे चाळिशीतच कायम लाल असायचे. उजेडासाठी कंदील असायचा. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तेव्हा घराघरांत होता. संध्याकाळी त्याची काच राखेने पुसणे हे आम्हा मुलांचे काम.

रॉकेलचा स्टोव्ह आला तेव्हा आईला केवढा आनंद झाला! पंपाचा स्टोव्ह आवाज करायचा, पिनेने साफ करावा लागायचा, भडकायचाही. पुढे १९७७ मध्ये इंडियन ऑइलच्या संशोधकांनी 'नूतन' हा वातीचा स्टोव्ह तयार केला. त्यात रॉकेलमधली साठ टक्क्यांच्या आसपास उष्णता भांड्याला मिळायची. १९७३ नंतर जगभर तेल महागले होते आणि रॉकेलसाठी रेशनच्या दुकानापुढे रांगा होत्या, म्हणून सरकारला वातीच्या स्टोव्हचाही विचार करावा लागला. बचत ही आपल्याकडे बहुतेक वेळा टंचाईनेच शिकवली आहे.

धाब्याचे घर

आमचे अचलपूरचे घर धाब्याचे होते. आपल्या संस्थेतल्या बऱ्याच ज्येष्ठांचे मूळ घर तसेच असेल. भिंती मातीच्या, हातभर नव्हे, दीड-दोन हात जाड. वर सागाच्या मयाली, त्यावर फळ्या, त्यावर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दरवर्षी पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती टाकून चोपून घ्यायची. नाही टाकली तर जुलैत पाणी गळणार म्हणून समजा.

वऱ्हाडचा मे महिना सगळ्यांना ठाऊक आहे. पारा ४५ च्या वर जातो. पण दुपारी दोन वाजता बाहेरून त्या माजघरात पाऊल टाकले की अंगावर गारवा यायचा. त्यात जादू काही नाही. जाड मातीतून उष्णता आत शिरायला फार वेळ लागतो. दिवसभराचे ऊन भिंतीत मुरत मुरत आत पोहोचेपर्यंत रात्र होते आणि तोवर बाहेरची हवा गार झालेली असते. खिडक्या लहान, त्यामुळे उजेड कमी, पण झळही कमी. अंगणात कडुनिंब. संध्याकाळी अंगणात सडा टाकला की बाजा बाहेर निघायच्या.

उन्हाळ्याशी आपल्या भागाचा हा सामना फार जुना आहे. अचलपूरजवळचा हौज कटोरा तुम्ही पाहिला असेल. तलावाच्या मधोमध उभी असलेली ती अष्टकोनी वास्तू बहमनी काळातली सांगतात. चहूबाजूंनी पाणी, मधून वारा. इंग्रजांच्या काळात परतवाड्याला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, म्हणून आजही जुने लोक 'कॅम्प' म्हणतात. साहेबलोक उन्हाळ्यात चिखलदऱ्याला वर जायचे. खाली राहावे लागले तर दाराला वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारायला आणि छताचा पंखा ओढायला माणूस ठेवायचे. म्हणजे त्यांचा पंखाही माणसाच्या हाताच्या ऊर्जेवरच चालायचा. आपला आजचा कूलर म्हणजे त्याच ताटीला मागून लावलेला विजेचा पंखा. ओल्या ताटीतून कोरडी हवा गेली की पाणी उडते आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जाते. म्हणून कूलर मे महिन्यात छान चालतो आणि जुलैच्या दमट हवेत नुसता चिकचिकाट करतो.

आपल्या विदर्भातच सेवाग्रामची बापूकुटी आहे. १९३६ नंतरच्या काळातली, माती, बांबू आणि कौलांची. मे महिन्यात सहलीला जाऊन तिथल्या जमिनीवर बसलेल्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल.

लाईन आली

१९५६ पर्यंत आपण जुन्या मध्य प्रदेशात होतो. मग द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि महाराष्ट्र झाल्यावर २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९६१ मध्ये अकोला जिल्ह्यात पारसचे औष्णिक केंद्र सुरू झाले, पहिला संच ३० मेगावॅटचा. आज तिथे अडीचशे मेगावॅटचे संच आहेत. त्यावरून साठ वर्षांत आपली भूक किती वाढली ते समजते.

आमच्या घरी १९६४ साली लाईन आली. ओसरीत एक आणि माजघरात एक असे दोन बल्ब. वडील रात्री नऊला बटन बंद करायचे. पहिल्या दिवशी शेजारपाजारचे लोक बल्ब बघायला आले होते. आजी म्हणाली, "वात नाही, तेल नाही, मंग हे जळते काय?" प्रश्न अगदी बरोबर होता. तिकडे पारसला कोळसा जळत होता.

तेव्हा कुणालाच माहीत नव्हते, पण जुन्या पिवळ्या बल्बमध्ये विजेचा अगदी थोडा भाग उजेड होतो, बाकीची नुसती उष्णता. शिवाय औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच विजेत उतरतो. म्हणून घरात वाचवलेले एक युनिट म्हणजे तिकडे तीन युनिटांइतकी उष्णता वाचवल्यासारखे आहे. एका युनिटमागे साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो, हे घरातल्या लहान मुलांना जरूर सांगावे.

गोबरगॅसचे कर्ज आणि गॅसचा नंबर

नोकरीत असताना या विषयाशी माझा संबंध आला तो गोबरगॅसमुळे. १९८१-८२ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रम जोरात सुरू झाला. सरकारी अनुदान आणि बँकेचे कर्ज. मी तेव्हा एका खेड्यातल्या शाखेत होतो. वर्षाअखेरीस उद्दिष्ट पूर्ण करायचे म्हणून आम्ही भराभर प्रकरणे मंजूर केली. कागदोपत्री आमची शाखा उत्तम ठरली.

दोन वर्षांनी वसुलीसाठी फिरलो तेव्हा दिसले की ज्यांच्या गोठ्यात चार-पाच जनावरे होती आणि घरची बाई रोज शेण-पाणी कालवत होती, तिथे निळी ज्योत झकास चालू होती. ती बाई धुरातून सुटली होती. पण जिथे जनावरे विकली गेली होती किंवा लोखंडी टाकी गंजली होती, तिथे खड्डा कोरडा आणि कर्ज मात्र ओले. कर्ज वाटले गेले एवढेच आमच्या लेजरला कळत होते. गॅस पेटला की नाही, हे लिहायला लेजरमध्ये रकाना नव्हता. हा धडा मी तेव्हा शिकायला हवा होता, पण शिकलो नाही. ते पुढे येईल.

सिलिंडरचा गॅस मुंबईत १९५५ च्या सुमारास आला. 'इंडेन' १९६५ मध्ये सुरू झाला. आपल्यासारख्या गावात मात्र नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागायचे. आमचा नंबर १९८४ साली लागला. सिलिंडर घरी आला त्या दिवशी सौ.ने त्याला हळद-कुंकू वाहिले. मी हसलो होतो. आता वाटते, तिचेच बरोबर होते. एका पिढीचे डोळे त्या सिलिंडरने वाचवले.

आपली संस्था आणि माझा ठराव

आता संस्थेकडे येतो. २००० साली नोंदणी झाली तेव्हा इथे संत्र्याचा जुना बगीचा होता. आपण छत्तीस सभासद. शिक्षक, वनखाते, जिल्हा परिषद, दोघे-तिघे बँकेतले. सगळ्यांचे गृहकर्ज. तेव्हा व्याजाचा दर बारा-तेरा टक्के होता, त्यामुळे प्रत्येक हजार रुपयांवर चर्चा व्हायची. सगळ्या घरांचा नकाशा एकच, म्हणजे साडेचार इंची स्लॅब, विटांच्या नऊ इंची भिंती, मोठ्या काचेच्या खिडक्या. धाब्याच्या काळोखातून आलेल्या आपल्या सगळ्यांना त्या खिडक्यांचे कोण कौतुक!

बांधकाम सुरू असताना आपले मिस्त्री सभेत आले. वयस्कर, शाळा फारशी न शिकलेले, पण कामात पक्के. त्यांनी सुचवले की स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून वर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवू, म्हणजे चायना मोझॅक. पाणीही गळणार नाही आणि घर तापणार नाही. घरामागे नऊ हजार रुपये जास्त. दुसरे त्यांनी असे सांगितले की पश्चिमेच्या हद्दीवरचे तीन कडुनिंब तोडू नका, कुंपणाची भिंत थोडी आत घ्या.

मी कोषाध्यक्ष. मी उठून म्हणालो, "छतावर कोण राहायला जाणार आहे?" सभागृहात हशा पिकला. इतिवृत्तात ठराव माझ्याच अक्षरात आहे : 'सदर खर्च अनावश्यक असल्याने वगळण्यात यावा. पश्चिमेकडील भिंत हद्दीवरच घ्यावी.' सूचक मीच. तिन्ही कडुनिंब आठवड्यात पडले.

लोडशेडिंगची वर्षे

२००१ साली वडील गेले आणि आई आमच्याकडे राहायला आली. पहिल्याच उन्हाळ्यात ती म्हणाली, "या सिमिटाच्या घरात मले झोप नाही येत. रातभर भट्टीत टाकल्यावानी वाटते." खरेच होते. पातळ स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत सोडतो. पंखा लावला की वरची गरम हवा खाली येते. दर चैत्रात ती गाठोडे बांधून अचलपूरच्या घरी जायची आणि मृग लागल्यावर परत यायची. लोक विचारायचे, आई का बरे गेल्या? मी म्हणायचो, जुन्या घराची ओढ. ते अर्धेच खरे होते.

पुढे विजेची टंचाई आली. दाभोळचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला होता, मागणी वाढत होती, नवी केंद्रे उभी राहत नव्हती. २००३ च्या वीज कायद्यानंतर ६ जून २००५ रोजी मंडळाच्या महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा कंपन्या झाल्या. २००५ ते २०१२ हा काळ आपण सगळ्यांनी भोगला. रोज कित्येक तास लाईन नसायची. घरोघर इन्व्हर्टर आले. बॅटरी भरताना आणि वापरताना बरीच वीज वाया जाते, म्हणजे टंचाईवर उपाय म्हणून आपण टंचाईतच भर टाकत होतो. पण करणार काय?

२००७ साली भावाभावांच्या वाटणीत अचलपूरचे घर विकले गेले. आईने अंगठा दिला. काही बोलली नाही. २००८ चा उन्हाळा तिने याच घरात काढला. भर दुपारी लाईन जायची. इन्व्हर्टरची बॅटरी तासाभरात बसायची, कूलर तर त्यावर चालतच नसे. ती जमिनीवर ओले पातळ अंथरून पडायची आणि मी किंवा सौ. शेजारी बसून हातपंख्याने वारा घालायचो. एका दुपारी ती वर स्लॅबकडे बघत म्हणाली, "तुह्यं घर लाईनीवर चालते रे बाप्पा. माह्यं घर लाईन नव्हती तवाही चालत होतं."

मला ताबडतोब तो ठराव आठवला. मिस्त्री सांगत होते ते मोटारीशिवाय, विजेशिवाय, बिलाशिवाय चालणारे यंत्र होते. मी ते नऊ हजारांसाठी नाकारले होते. बँकेच्या हिशेबाने पाहिले तर तेव्हाच्या व्याजदरात आणि तेव्हाच्या विजेच्या दरात तो खर्च पहिल्या दहा वर्षांत वसूल झालाच असता, असे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. माझी बेरीज चुकली नव्हती. पण लाईन नसलेल्या दुपारी म्हाताऱ्या माणसाला काय होते, याचा रकाना मी धरलाच नव्हता. २०१० च्या हिवाळ्यात आई गेली.

यंत्रे सुधारली, युनिट का वाढले?

त्यानंतर विजेचा पुरवठा सुधारला. यंत्रेही सुधारली. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्यानुसार २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला आणि २००६ पासून फ्रिज, ट्यूबलाईट यांवर ताऱ्यांचे लेबल दिसू लागले. २०१५ च्या जानेवारीत केंद्र सरकारची एलईडी योजना आली. सरकारने एकगठ्ठा खरेदी केल्यामुळे एका बल्बची खरेदीची किंमत ३१० रुपयांवरून दोन-तीन वर्षांत ४० रुपयांच्या खाली आली. साठ वॅटच्या बल्बचे काम नऊ वॅटमध्ये. रोज पाच तास धरले तर महिन्याला नऊ युनिटांऐवजी सव्वा-दीड युनिट.

तरी माझ्या फाईलीत २०१५ चा मे महिना सगळ्यात जड आहे. कारण आदल्या वर्षी मुलाने एसी बसवला. दीड टनाचा एसी आठ तास चालवला तर महिन्याला तीनशे युनिटांच्या आसपास जातो. कूलर बारा तास चालवूनही सत्तर-ऐंशीत भागतो. त्यात आपले दर टप्प्याटप्प्याचे आहेत. पहिले १०० युनिट स्वस्त, ३०० पर्यंत महाग, त्यापुढे आणखी महाग. एसीचे युनिट नेमके महागड्या टप्प्यात पडतात. इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच कोळशाबाबत लिहून ठेवले आहे की यंत्र काटकसरीचे झाले की एकूण वापर कमी होण्याऐवजी वाढतो. बी.कॉम.ला हे नाव कधी ऐकले होते. त्याचा अर्थ आपल्या बिलावर समजला.

वर चुना, खाली थर्मामीटर

या इतिहासाला वळण दिले ते आपल्या गल्लीतल्या शिक्षिका वहिनींनी. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. २०१६ च्या मे महिन्यात त्यांनी आपल्या अर्ध्या स्लॅबला चुना आणि डिंकाचे दोन हात दिले, अर्धा तसाच ठेवला. खालच्या दोन खोल्यांत एकेक थर्मामीटर टांगला आणि आठ दिवस दुपारी चारला वहीत नोंद केली. जवळपास तीन अंशांचा फरक. पांढरा रंग ऊन परत पाठवतो, एवढेच त्याचे शास्त्र. खर्च सहाशे रुपये.

पुढच्या वर्षी अकरा घरांनी चुना मारला. त्यात पहिले घर माझे होते. पावसात चुना धुऊन जातो, धूळ बसली की गुण कमी होतो, म्हणून दरवर्षी गुढीपाडव्याच्या आधी नवा हात द्यावा लागतो. धाब्यावर दरवर्षी माती टाकायचो तसेच हे समजावे. आमच्या घरी एसी आता फक्त पाहुणे आले की आणि अगदी कडक रात्री लागतो. २०२४ च्या मे महिन्याचे बिल २५२ युनिटांचे आहे.

हे आपणच करतो आहोत असे नाही. २०१० च्या उष्णतेच्या लाटेत फार माणसे दगावली, म्हणून अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्माघात टाळण्याची योजना केली. पुढे तिथे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्यात आली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरणच जाहीर केले. २०१८ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने घरांसाठी 'इको-निवास संहिता' आणली. छतातून आणि भिंतींतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा त्यात दिली आहे. ती वाचताना मला आमचे मिस्त्री आठवले.

संस्थेच्या सामाईक मीटरचीही गोष्ट नोंदवून ठेवतो. बोअरची मोटार रोज चार तास चालायची, कारण टाकी भरून वाहत असली तरी कुणी बंद करत नसे. २०१३ मध्ये टाकीत फ्लोट बसवला. मोटार अडीच तासांवर आली आणि महिन्याला दीडशेच्या वर युनिट वाचले. पुढे पाच हॉर्सपॉवरच्या जागी तीनची मोटार पुरली. रस्त्यावरचे बारा दिवे २०१७ मध्ये एलईडी केले. या कामासाठी कुणाचा सत्कार झाला नाही. पण पाच वर्षे मेंटेनन्स वाढला नाही, तो यामुळे.

पुढच्या पंचवीस वर्षांसाठी

आता तीन सूचना.

पहिली, छत. बऱ्याच घरांवर आता दुसरा मजला चढतो आहे. तरुण सभासदांना माझी हात जोडून विनंती आहे की नव्या स्लॅबवर कोबा आणि पांढरे मोझॅक करूनच घ्या. मजल्याच्या खर्चात ती रक्कम किरकोळ आहे. ज्यांना ते जमत नाही त्यांनी चुना मारावा. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायांची घरे टिनाची आहेत, ती आपल्यापेक्षा जास्त तापतात. संस्थेने चुन्याची खरेदी एकत्र करावी आणि त्यांनाही त्यातून द्यावा. पंखा बदलायची वेळ आली तर तीस-पस्तीस वॅटचा घ्यावा. साधा पंखा पंचाहत्तर वॅट खातो आणि आपल्याकडे पंखा वर्षातले नऊ महिने फिरतो.

दुसरी, कडुनिंब. पश्चिमेच्या भिंतीलगत आत दहा फूट जागा मोकळी आहे. या पावसाळ्यात तिथे सहा कडुनिंब लावावेत. आळी, कुंपण आणि पहिली तीन वर्षे पाणी, हा खर्च माझ्याकडे.

तिसरी, सोलर. २०२४ च्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घरासाठी दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा जास्तीसाठी ७८,००० रुपये अनुदान आहे. गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये. आपली मोटार आणि दिवे मिळून रोज दहा युनिटांच्या आसपास लागतात. एक किलोवॅट रोज सरासरी चार युनिट देतो. म्हणजे तीन किलोवॅटमध्ये आपले भागते. पण क्रम असाच ठेवावा. आधी गळती थांबवावी, मग गरज मोजावी, मग पॅनेल लावावे. नाहीतर वाहत्या टाकीसाठीही मोठे पॅनेल बसेल आणि पुन्हा गोबरगॅससारखे होईल.

२००० सालचे इतिवृत्ताचे पुस्तक संस्थेच्या कपाटात आहे. तो ठराव रद्द करून पश्चिमेला झाडे लावण्याचा नवा ठराव येत्या वार्षिक सभेत मीच मांडणार आहे. अनुमोदक म्हणून शिक्षिका वहिनींनी होकार दिला आहे. सर्वांनी उपस्थित राहावे. माझी बिलांची फाईलही त्याच दिवशी संस्थेच्या कार्यालयात जमा करतो. घरातला एक जुना ठराव त्यामुळे निकाली निघेल.

संस्थेच्या सर्व आजी-माजी पदाधिकाऱ्यांना, दिवंगत सभासदांच्या कुटुंबीयांना आणि त्या मिस्त्रींना नमस्कार.